डाव्या खिशाचे काकाजी

एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला नीट ओळखणारा हवा, आणि लिहिता येणाराही हवा. या दोन्हीत मी कितपत बसतो, मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि सलग असं मी आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरातच. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते आमच्या गावच्या मालगुजारांचे, म्हणजे जुन्या जमीनदारांचे नातू, आणि मी त्याच मालगुजारांच्या तलावाखालच्या शेवटच्या बांधीवाल्याचा मुलगा. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं लहान शेत. मी त्यांच्यावर लिहावं हे माझ्या वडिलांना पटलं नव्हतं. "मालकावर लिवतेस? इचारलं का त्यायले?" असं ते दबक्या आवाजात म्हणाले होते.

विचारलं होतं. "लिव," काकाजी म्हणाले होते, "पन चांगलं नको लिवू. चांगलं लिवलं का दानाच्या पाटीसारखं दिसते." तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही. आपलं नाव कुठेही लिहिलेलं त्यांना आवडत नाही.

साकोलीला कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा राहायची सोय बाबांनी काकाजींच्या घरामागच्या खोलीत केली. आमचं गाव साकोलीहून आत, जंगलाच्या अंगाला. रोजची बस मिळेलच याचा भरवसा नव्हता. सामान घेऊन गेलो त्या दिवशी बाबा दारातच थांबले आणि त्यांनी हात जोडले. आमच्या घरात त्या घराण्यासमोर हात आपोआप जोडले जातात, आजोबांचेही जात. काकाजी मागच्या वाडीतून आले. बंडी घातलेला उंच, वाकलेला म्हातारा, हातात भला मोठा दुधी भोपळा. "या पाटील," म्हणाले, "जरा धरा बरं हे." आणि त्यांनी तो भोपळा बाबांच्या जोडलेल्या हातांवर ठेवला. हात सोडले नसते तर भोपळा पडला असता. बाबांनी तो कवेत धरला. काकाजी आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मालक आपल्याला पाटील म्हणाले याचा घाम आणि भोपळ्याचं वजन, दोन्ही सांभाळत बाबा उभे राहिले.

पुढे कळलं, ही त्यांची नेहमीची रीत होती. कोणी हात जोडले की त्याच्या हातात काहीतरी द्यायचं. पेपर, पाण्याचा तांब्या, एकदा तर शेजारच्या घरचं रडतं लेकरू. मी कारण विचारलं तर म्हणाले, "रिकामे हात असले का जोडल्या जाते. कामात असले का नाही जोडल्या जात."

काकाजी जन्मभर शाळेत गणित शिकवत होते. घरी मिल होती, वावरं होती, साकोलीत हायवेला लागून जागा होती, तरी त्यांनी मास्तरकी केली. सदऱ्याला दोन खिसे ते मुद्दाम शिवून घ्यायचे. उजव्या खिशात पेन्शन. डाव्या खिशात घरभाडं, धानाचा पैसा, बापाकडून आलेल्या मालमत्तेतून जे येईल ते. डाव्याला बटन होतं. स्वतःचा चहा, तंबाखू, चष्म्याची काच, सगळं उजव्यातून. महिना संपत आला की बसस्टँडजवळच्या टपरीवर ते नुसते बाकावर बसून राहायचे.

"काकाजी, च्या नाही आज?" टपरीवाला विचारायचा.

"उजवा बीमार आहे."

"अन् हा डावा? हा त भरल्या पोटाचा दिसून राहिला!"

"तो माहा नाही बाबू. मेल्या मानसाचा पगार आहे तो. मी कायचं काम केलं त्याच्यासाठी? जन्माले आलो, बस."

टपरीवाला हसत हसत अर्धा कप पुढे करायचा. ते घ्यायचे नाहीत.

डाव्या खिशातून आमच्या गावात काय काय झालं ते हळूहळू माझ्या कानावर आलं. शाळेतला पाण्याचा पंप, तलावाच्या पारीवरचे, म्हणजे बांधावरचे दिवे. कुठेही पाटी नाही. मला ते फार मोठं वाटलं आणि मी तसं बोलून दाखवलं, तर ते चिडलेच. "मोठं कायचं? मले वाटलं म्हून दिवा लागला. उद्या माहं डोकं फिरलं त अंधार. गावात उजेड असाव का नाही हे माह्या मनावर असाव का? सांग ना!"

 त्यांचा मुद्दा मला तेव्हा पहिल्यांदा समजला. दान द्यायचं नव्हतंच त्यांना. त्यांना कर द्यायचा होता.

वारशानं आलेल्या संपत्तीवरचा कर आपल्या देशात पूर्वी होता, पुढे तो काढून टाकला, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. तो भरायला ते एकदा खरोखरच सरकारी कचेरीत गेले होते. सोबत मी होतो, म्हणून सांगतो. तिथल्या बाबूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकाजी, असा करच नाही आता."

"मंग लावा ना."

"तो काय मी लावू?"

"मी देऊन राहिलो, तुम्ही घेऊन नाही राहिले. कमाल आहे! एखाद्या गरिबाकडचं वसूल कराले त जीप घेऊन जाता."

बाबू चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, आणि मंदिराचा सभामंडप बांधून द्या, दारावर घराण्याचं नाव कोरू, असं सुचवलं. काकाजी उठलेच. "नाव नको म्हून त इथं आलो. दान देलं का देनाऱ्याचं नाव लागते अन् घेनाऱ्याची मान वाकते. कर देला का कोनाचंच नाव नाही. घेनारा हक्कानं घेते." बाहेर येऊन पायऱ्यांवर ते बराच वेळ उभे होते. मला त्यांची थोडी दया आली, आणि दया करायची आपली काय लायकी, असं वाटून लाजही वाटली.

त्याच वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय नेमका हाच: वारशाच्या संपत्तीवर कर असावा की नसावा. चिठ्ठीत मला 'नसावा' आलं. घाबरत घाबरत काकाजींना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते तर खुलले. "अरे, हे त मले तोंडपाठ आहे! हे आईकत आईकतच मी जेवलो लहानपनी. बस. लिव."

मी वही घेऊन बसलो. ते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. "बापानं कमावताना कर भरला, पुन्हा कायले? लिव. कर लागला का मिल विका लागते, मजूर घरी बसते. लिव. लय मोठा मानूस पैसा घेऊन दुसऱ्या देशात निघून जाते, सरकारच्या हातात येते फक्त मधल्या मानसाचं. लिव. सरकार घेईन अन् मधातच खाईन. हे सगळ्यात भारी आहे, हे शेवटी ठेव."

"काकाजी, तुम्हाला हे पटतं?"

"यातलं सगळंच खोटं नाही लेका. तेच त अवघड आहे." ते खाली बसले. "आमचा तलावच पाह्य ना. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला. चांगलं झालं. आधी आमचं वावर भिजल्याशिवाय कोनाले थेंब नोहता. पन घेतल्यावर गाळ कोन काढन? सगळ्यायचा झाला म्हून कोनाचाच नाही राहिला. घेनं झालं, सांभाळनं राह्यलं. लिव. अन् आमच्या आज्यानं काय केलं? तलाव देला, अन् तलावात येनारा नाला वरच्या आंगालेच पाळ घालून आपल्याच रानात अडवला. तलाव सरकारचा, पानी आमचं! हे बी लिव..." मग थबकून हसले. "हे नको लिवू. हे समोरच्याच्या कामाचं आहे."

 भाषणाच्या शेवटी मी माझ्या मनचं एक वाक्य घातलं: "माझ्या वडिलांची एवढीशी बांधी आहे. उद्या तीही करात गेली तर आम्ही कुठे जायचं?" टाळ्या पडल्या. दुसरं बक्षीस मिळालं. मागच्या रांगेत काकाजी दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवत होते. घरी परतताना मात्र फाटकाशी आल्यावर म्हणाले, "तुह्या बापाच्या बांधीवर कोन कर लावून राहिला बे? ती भीती आमची आहे. आम्ही घाबरतो, अन् तिचं ओझं तुम्ही काहून उचलता?"

त्या रात्री मला बक्षिसाचा आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. झाला. पण ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

मग काकाजी पायरीवरून घसरले आणि पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं, सरकार घेत नसेल तर आपणच वाटणी करायची, जिवंतपणी. वकील म्हणाले, मालमत्ता वडिलोपार्जित आहे, मुलांचा त्यात हक्क आहे, त्यांच्या संमतीशिवाय एक तुकडाही हलणार नाही. म्हणून त्यांनी दोघांना बोलावलं. मोठा मुलगा नागपूरला घरं बांधून विकतो, त्यांना सगळे दादा म्हणतात. धाकटी मुलगी गोंदियाला नर्स आहे, त्या ताई.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. सगळ्यात मोठा वाटे पाडतो आणि सगळ्यात धाकटा आधी उचलतो. पाडणाऱ्याच्या वाट्याला उरलेला वाटा येतो, त्यामुळे तो वाकडे वाटे पाडतच नाही. काकाजींनी दादांना सांगितलं, "तू पाड. पन तीन पाड."

"तीन? तिसरा कोण?"

"गाव. ताईच्या पाठचं लेकरू समज."

दादा चांगलेच भडकले. मी चहा नेऊन दिला तेव्हा सगळं ऐकू येत होतं. "बाबा, गावाला दिलं की गाव भांडणार आणि शेवटी विकून खाणार. तुम्हीच तलावाचं सांगता ना? आणि माझ्या मुलांचं काय?"

"तुह्या पोरायचा बाप धडधाकट आहे. माहा बी होता. म्हून त माहं काही बिघडलं नाही, अन् काही बनलं बी नाही."

 मग ताई म्हणाल्या, "दादा, पोरीच्या हिश्श्याचा कायदा नसता त मले तरी कोन इचारलं असतं? मी साडीचोळी घेऊन गेली असती. तुह्यातलंच गेलं ना माह्याकडे? तू मेला का? तुले राखी बांधतेच ना मी अजून?"

दादा हसले नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला. "पाडतो," म्हणाले. "पण गाव काय उचलतं ते मला बघायचं आहे."

एका रविवारी तलावाच्या पारीवरच्या देवळापाशी गाव जमलं. काकाजी खाटेवर बसून आले. ओट्यावर दादांनी तीन वस्तू मांडल्या. गिट्टीचा दगड म्हणजे साकोलीची हायवेची जागा. धानाची लोंबी म्हणजे तलावाखालचं सगळ्यात कसदार वावर. पळसाचं पान म्हणजे तलावाच्या वरचं रान, मोठं पण झुडपांचं आणि दगडांचं, त्यात भर म्हणून गावातलं धानाचं गोदाम. उरलेलं आपल्यालाच घ्यावं लागणार म्हणून दादांनी मोजमाप चोख केलं होतं. पण गावातल्या सगळ्यांचे डोळे गिट्टीवर होते.

"गावाकडून कोन उचलन?" सरपंचबाईंनी विचारलं.

"तलावाचं पानी ज्याच्याकडे सगळ्यात शेवटी जाते तो गावात धाकटा," काकाजी म्हणाले.

सगळ्यांनी वळून माझ्या बाबांकडे पाहिलं.

बाबा पुढे आले. हात जोडलेले. काकाजींजवळ त्या दिवशी त्यांच्या हातात द्यायला काही नव्हतं. "हात सोडा पाटील," ते हळूच म्हणाले, "उचलाचं आहे."

बाबांनी दगडाकडे पाहिलं, लोंबीकडे पाहिलं आणि पळसाचं पान उचललं.

"अरे बुढ्या, रोडवाला उचल ना!" मागून कोणी ओरडलं. पण उचललेलं खाली ठेवता येत नाही, तीही रीतच. काकाजींचा चेहरा मी विसरणार नाही.

"काहून गा?" त्यांनी विचारलं.

"लाज वाटली जी, मालक," बाबा म्हणाले. "तुमच्यासमोर चांगलं कसं उचलू?"

नंतर ताईंनी शांतपणे दगड उचलला. दादांना लोंबी राहिली. काकाजी तलावाकडे तोंड करून बसले होते. खाट उचलायला मी वाकलो तेव्हा म्हणाले, "जमीन सुटली रे. आज्याचा धाक नाही सुटला. मले द्याचं नोहतंच. कोनी हक्कानं घ्याव, एवढंच पाह्याचं होतं."

गावानं बाबांना नाव पाडलं, 'पानउचल्या'. दुकानात गेले तरी पोरं म्हणायची, "काका, आज काय, पान का दगड?" बाबा मान खाली घालून मिठाची पुडी घ्यायचे. आईचं माहेर करडी गाव. ती माहेरी गेली तर तिथेही ही गोष्ट तिच्याआधी पोचलेली.

कागदपत्रं होऊन रान ग्रामपंचायतीच्या नावावर लागलं. त्या रानात दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच, म्हणून पोरांनी उन्हाळ्यात काकाजींच्या आज्यानं तिथे नाल्यावर घातलेली पाळ फोडायला घेतली. निम्मं रागानं, निम्मं रिकामपणानं. गोदामाच्या भाड्यातून थोडा गाळही निघाला. पावसाळ्यात नाला जुन्या वाटेनं तलावात आला. मी कधी न पाहिलेलं पाणी तेव्हा तलावात पाहिलं. आता तेच लोक म्हणू लागले, "बुढा हुशार निंगाला!" बाबा प्रत्येकाला सांगत राहिले, "हुशारी कायची? लाज वाटली होती मले." कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

पुढे मी नागपूरला शिकायला आलो. काकाजींना ताई गोंदियाला घेऊन गेल्या. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, पण फोनवर विचारायचं सोडलं नाही.

"तलाव भरला?"

"भरला, काकाजी."

"शेवटपर्यंत पोचलं?"

"नाही."

कारण तलावाखालचं पहिलं वावर दादांचं होतं. त्यांनी तिथे माणूस ठेवला होता आणि पूर्वीसारखंच आधी ते वावर तुडुंब व्हायचं, मग खालच्यांना मिळायचं. मालकाचं वावर आधी, ही सवयच होती. कोणाला ती चूक वाटत नव्हती. वाटली तरी बोलत कोणी नव्हतं. "हं," काकाजी म्हणायचे आणि फोन ताईंकडे द्यायचे.

यंदा धान निसवायच्या वेळेलाच पावसानं दडी मारली. लोंब्या बाहेर पडायच्या तेव्हा पाणी नसेल तर पोचट दाणे हातात येतात. गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. ते कधी स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरलो.

"पानी आलं आपल्या बांधीत," बाबा म्हणाले.

मग तुटक तुटक सगळं सांगितलं. पारीवर बैठक झाली. दादा नागपूरहून आले होते, म्हणाले, आठवडाभर थांबा, आधी माझं होऊ द्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाबांनीही घातली होती. "अन् मंग मालूम नाही काय झालं," ते म्हणाले. "म्या म्हनलं, नाही जी. अवंदा पानी शेवटून. नाला गावाचा आहे, म्या उचलला आहे." आणि ते उतरले. दादांच्या वावराकडचं तोंड त्यांनी मातीनं बुजवलं, आणि तुडुमापाशी गेले. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी. तिच्यातला लाकडी खुंटा ओढला की पाणी पाटात येतं. खुंटा फुगून घट्ट बसला होता. मागून आणखी चारजण पाण्यात उतरले. "दादा काय म्हणाले?" मी विचारलं. "काही नाही. पारीवर उभे होते. मंग चप्पल काहाडून पाट पाह्यत पाह्यत आपल्या बांधीपर्यंत आले. म्हने, पाच दिवसांनी माहं तोंड उघडजा. उघडतो म्हनलं."

मी लगेच गोंदियाला फोन लावला. ताईंनी तो काकाजींच्या कानाला धरला. मी वसतिगृहाच्या गच्चीवर उभा राहून ओरडत होतो, खालची मुलं वर बघत होती.

"पोचलं, काकाजी! शेवटच्या बांधीत!"

"कोनी सोडलं? दादानं?"

"नाही! बाबांनी घेतलं! दादांसमोर!"

 मग त्यांचा बारीक झालेला आवाज आला. "पाटलानं हात जोडले असतीन आधी."

"नाही, काकाजी. खुंटा ओढायला दोन्ही हात लागतात."

पलीकडे ताई कोणाला तरी म्हणत होत्या, माहे बाबा हसून राहिले पाह्य. मग काकाजीच पुन्हा बोलले.

"लिव," ते म्हणाले. "हे चांगलं असलं तरी लिव."